ट्रॅक्टरवाल्याची मोटार

अ‍ॅस्टन मार्टिन म्हटलं की लोकांना जेम्स बाँड आठवतो. मला आठवतो तो यॉर्कशायरचा एक ट्रॅक्टरवाला.

श्रोतेहो, लायनेल मार्टिन आणि रॉबर्ट बॅमफर्ड यांनी १९१३ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली. मार्टिन अ‍ॅस्टन टेकडीच्या चढणीवर शर्यतीत उतरत, म्हणून नावात टेकडी आली; बिचारे बॅमफर्ड मात्र राहिले! गाड्या देखण्या, पण हिशेब तोट्याचा. विशीच्या दशकातच दिवाळं निघालं.

पुढे १९४६ मध्ये डेव्हिड ब्राऊन यांनी ‘टाइम्स’मध्ये एक जाहिरात वाचली : मोटारींचा धंदा विकणे आहे. हा गृहस्थ दातेरी चाकं आणि ट्रॅक्टर बनवणारा. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि १९४७ मध्ये साडेवीस हजार पौंडांना कंपनीच घेतली. पाठोपाठ लगोंडाही घेतली, ती तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी. ते इंजिन अ‍ॅस्टनमध्ये बसलं. न्यूपोर्ट पॅग्नेलचे कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून घडवत. माझ्या मते या गाडीची खरी ओढ वेगात नाही, या ठोकण्यात आहे.

१९५९ मध्ये ल मां जिंकली, १९६४ मध्ये ‘गोल्डफिंगर’मुळे डीबी ५ जगभर पोचली. तरी पैसा सुटेना. १९७२ मध्ये ब्राऊन यांनी कर्जासकट कंपनी विकली. नंतर मालक बदलत गेले, फोर्डही येऊन गेली. २०२३ मध्ये आलेल्या गाडीचं नाव मात्र डीबी १२. ही डेव्हिड ब्राऊन यांचीच आद्याक्षरं.