नव्व्याण्णव मिलिग्रॅमची भानगड

अमेरिकेतून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या असतातच. आमच्या एका काकांसाठी (वय ७२, बीपीची गोळी चालू) मध्यंतरी अशीच पोटॅशियमची बाटली आली. लेबलं वाचायची मला खोड आहे, म्हणून वाचलं: एका गोळीत ९९ मिलिग्रॅम. नेटवर दुसऱ्या कंपनीची बाटली पाहिली, तिथेही ९९. तिसरीवरही तेच!

जुन्या कोडमध्ये असा हार्डकोड केलेला आकडा दिसला की आपल्याला लगेच कळतं: कधीतरी, कुठेतरी काहीतरी जळलेलं आहे, आणि दुरुस्त करणारा कॉमेंट लिहायला विसरलाय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम खावं म्हणते. एका मध्यम केळ्यातच चारशेच्या आसपास असतं. मग पाव केळ्याएवढी गोळी बाटलीत भरून विकायची कशाला?

थोडं मागे जाऊ. लाकडाची राख पाण्यात कालवायची, ते पाणी भांड्यात आटवायचं, खाली उरतो तो पोटॅश. म्हणजे शब्दशः 'भांड्यातली राख'. साबण आणि काच बनवायला शेकडो वर्षं हाच वापरला. १८०७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि चकचकीत धातूचे थेंब पेट घेत बाहेर आले. पठ्ठ्या आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याच्या चुलतभावाने लिहून ठेवलंय. खुणेचं अक्षर 'के' आलं ते अरबी 'अल-कली'वरून, म्हणजे पुन्हा राखच. आपल्याकडे शेतकऱ्याला विचारा: नत्र, स्फुरद, पालाश. त्यातलं पालाश म्हणजे हेच. आणि पोत्याने मिळणारं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, जे औषधाच्या गोळीतही असतं. (म्हणून पोतं उघडून खाऊ नका.)

रक्तदाबाशी याचा संबंध लागला तो बराच नंतर. १९२८ साली कॅनडात ॲडिसन नावाच्या डॉक्टरने काही पेशंटना पोटॅशियमचे क्षार दिले तर दाब उतरतो आणि साधं मीठ दिलं की चढतो, असं नोंदवलं. फार कोणी मनावर घेतलं नाही. मग १९३९ पासून अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंपनर या जर्मनीतून आलेल्या डॉक्टरने आपला प्रसिद्ध भाताचा आहार सुरू केला. भात, फळं, फळांचा रस, साखर. मीठ शून्य. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं, त्यामुळे मरणाच्या दारातली माणसं हे मुकाट खायची आणि त्यातली बरीच सुधारायची. श्रेय मीठ सोडल्याला गेलं. पण इतकी फळं खाल्ल्यावर पोटॅशियमही भरपूर जात असणार, त्याचा हिशोब कोणी फारसा मांडला नाही.

असलं अळणी खाणार कोण? म्हणून मिठासारख्या चवीच्या पर्यायांचा धंदा निघाला. त्यात चाळीसच्या दशकात लिथियम क्लोराईड विकलं गेलं, तेही हृदयविकाराच्या पेशंटना! १९४९ साली माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि ते बाजारातून उठलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केडने उन्मादाच्या पेशंटवर लिथियम चालतं हे प्रसिद्ध केलं. असो, तो वेगळा विषय.

आता येतं १९५८. क्लोरोथायाझाईड बाजारात आलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला लघवीची गोळी म्हणतात त्या घराण्याचा मूळपुरुष. रक्तदाबावर पहिल्यांदाच सहज घेता येईल असं काहीतरी मिळालं. पण सोडियमबरोबर पोटॅशियमही लघवीवाटे वाहून जायला लागलं. पेशंट बहुतेक वयस्कर. पाय गळून जायचे, हृदयाचे ठोके चुकायचे. कंपन्यांनी उपाय काढला: त्याच गोळीत पोटॅशियम क्लोराईड घालू. ते जठराला झोंबतं? मग वर असं कोटिंग देऊ, की गोळी जठरात विरघळणारच नाही, पुढे आतड्यात गेल्यावर फुटेल.

कागदावर डिझाईन झकास. पण लहान आतड्यात गोळी एकाच जागी फुटायची आणि सगळा क्षार तिथल्या इवल्याशा भागावर सांडायचा. व्रण पडायचे, जखम भरताना आतडं आवळलं जायचं आणि शेवटी अन्नच अडायचं. १९६४ च्या सुमारास सर्जन मंडळींच्या लक्षात आलं, की ऑपरेशनला येणाऱ्या अशा पेशंटमध्ये एक गोष्ट सारखी दिसतेय. बग एका मोड्यूलमधला, आणि पोट फाडलं जातंय दुसऱ्याच माणसाचं...

यातून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम कडक झाले. इशारा आणि प्रिस्क्रिप्शनची अट आली, आणि गोळीत १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पोटॅशियम असेल तर सूट. म्हणून ९९! पुढे हळूहळू झिरपणाऱ्या गोळ्या आणि पातळ औषधं आली, डॉक्टर आजही ती लिहून देतात. पण दुकानातल्या बाटलीवर तो आकडा तसाच राहिला.

मग म्हातारपणी पोटॅशियम पोटात जायचं कसं? मला सगळ्यात आवडलेला प्रयोग तैवानचा. निवृत्त सैनिकांच्या एका वृद्धाश्रमात पाच स्वयंपाकघरं होती. काहींत नेहमीचं मीठ, काहींत साधारण निम्मं पोटॅशियमचं मीठ. एकूण १९८१ माणसं, सरासरी वय पंचाहत्तरच्या घरात, सुमारे अडीच वर्षं. गोळी कोणालाच नाही, फक्त आचाऱ्याचा डबा बदलला. २००६ साली निकाल छापून आला: नव्या मिठाच्या पंगतीत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के कमी. २०२१ मध्ये चीनच्या ६०० खेड्यांतल्या जवळजवळ २१ हजार लोकांवर असंच केलं (२५ टक्के पोटॅशियम क्लोराईड), तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. यात सोडियम घटल्याचा वाटा किती आणि पोटॅशियम वाढल्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, पण जेवणाऱ्याला त्याचं काय!

आता एक मोठा 'पण'. चीनच्या त्या प्रयोगात किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना मुळात घेतलंच नव्हतं. जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि वयाबरोबर ती मंदावते. शिवाय हल्लीच्या बीपीच्या गोळ्या जुन्या लघवीच्या गोळीच्या बरोबर उलट वागतात: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही मंडळी पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. आमच्या काकांची गोळी टेल्मिसार्टनच निघाली. त्यावर ही बाटली आणि वरून कोणीतरी सुचवलेलं 'लो सोडियम' मीठ, असा संगम झाला असता तर काय सांगावं. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं तर हृदय थांबू शकतं, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. रक्त तपासायला दिलं, क्रिएटिनिन वर निघालं, बाटली कचऱ्यात गेली. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, त्यातही किडनीच्या पेशंटना वगळलंय. तर आपल्या आईवडिलांच्या घरातलं मिठाचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, आणि गोळ्यांची नावं त्याच्या शेजारी ठेवा.

ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना बटाटा, रताळं, पालेभाज्या, डाळी, शहाळं, केळी यांतूनच बरंचसं मिळतं. फक्त पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून किडनीच्या पेशंटला भाजी उकडून पाणी फेकायला सांगतात आणि बाकीच्यांनी ते फेकू नये. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या कटाची आमटी करणाऱ्यांनी ते कधी फेकलंच नव्हतं :-)