आडवे मूल आणि सुईणीची फीत

१/ सतराव्या शतकातील युरोपात गर्भ आडवा असून हात आधी बाहेर आला, तर माता व बालक दोघांचेही प्राण संकटात येत. या प्रसंगावर उपाय लिहून ठेवणारी जर्मन सुईण म्हणजे युस्टिने झिगेमुंड.

२/ तिचा जन्म १६३६ मध्ये सायलेशियात झाला. तरुणपणी सुइणींनी तिला चुकून गरोदर ठरवले आणि तिला अतोनात यातना सोसाव्या लागल्या. त्यानंतर तिने ग्रंथ वाचून प्रसूतिविद्या आत्मसात केली. तिला स्वतःला मूल नव्हते.

३/ तिची युक्ती दोन्ही हातांची होती. बाळाच्या पायाला फीत बांधून एका हाताने ती ओढायची. त्याच वेळी दुसऱ्या हाताने अंग आतून वर सारायचे. मग मूल वळून पायाकडून जन्मे.

४/ पुढे ती ब्रांडेनबुर्गच्या दरबारची सुईण झाली. १६९० मध्ये तिचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात दोन सुइणींचा संवाद आहे.

५/ मराठीत पायाकडून जन्मलेल्यास ‘पायाळू’ म्हणतात. आज असा गर्भ साधारण ३७व्या आठवड्यानंतर, रुग्णालयातच, डॉक्टर पोटावरून हलक्या दाबाने वळवू पाहतात. म्हणूनच शेवटच्या महिन्यांतील तपासणी चुकवू नये.