खेकड्याचं खाणं

मागच्या व्याख्यानात आपण भाताविषयी बोललो. आज त्या भाताच्या एका शत्रूकडे वळू. ‘गुओयू’ या प्राचीन चिनी ग्रंथात एक प्रसंग आहे. वू राज्यात खेकड्यांनी भात इतकं फस्त केलं की बियाणंही उरलं नाही. युएचा राजा गौजियान मंत्री फान लीला विचारतो, आता स्वारी करायची का? तो म्हणतो, अजून नाही. इसवी सनापूर्वी ५व्या शतकातली ही गोष्ट!

आज त्याच यांगत्सेच्या मुखाकडच्या प्रदेशात लोक मुद्दाम खेकडे पाळतात. नांग्यांवर दाट लव असलेली ही जात. तळ्यात आधी पाणगवत लावायचं, मग गोगलगायी सोडायच्या. त्या शेवाळ आणि तळाचा कुजका गाळ खातात. खेकडा त्यांना खातो, गवतही खातो. जुनं कवच टाकून मऊ पडला की तो त्याच गवतात लपतो, नाहीतर भाऊबंदच त्याला खातात. वरून मका, सोयाबीन, मासळीही घालतात. ते उरलं की कुजतं आणि पाणी बिघडतं.

२००७ साली ताइहू सरोवरात निळं-हिरवं शेवाळ माजलं आणि वूशी शहराच्या नळाला दुर्गंधी सुटली. दोष मुख्यतः सांडपाण्याचा, कारखान्यांचा, शेतीच्या खतांचा होता. पण सरोवरात जाळ्या लावून पाळलेल्या खेकड्यांचं खाद्यही त्या हिशेबात आम्ही धरतो.