सार्वजनिक इमारतींत परवान्याचे पिस्तूल

सार्वजनिक इमारतींत परवान्याचे पिस्तूल : सरकारच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीच्या वास्तूत परवानाधारकाने पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर जवळ बाळगण्याविषयीचे नियम. भारतात हा विषय एका कलमात सापडत नाही. शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६, परवान्यावरच्या अटी, निवडणूक कायदा आणि त्या त्या इमारतीची स्वतःची शिस्त, असे सगळे एकत्र वाचावे लागते. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत हे बहुतेक नियम पायी फिरता फिरता एकामागून एक लागू होतात, म्हणून ही नोंद त्या वस्तीच्या आधाराने केली आहे.

आरटीसी क्रॉस रोड आणि नारायणगुडा यांच्या मधली ही गजबजलेली वस्ती. इथे पोलीस ठाणे आहे. जेबीएस ते एमजीबीएस या मार्गावरचे मेट्रो स्थानक ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाले. संगीत-नाटकांच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेली त्यागराय गान सभा इथलीच. आणि अशोकनगरला लागून शहर केंद्रीय ग्रंथालय आहे, जिथे तेलंगणाच्या गावोगावांहून आलेली मुले सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी दिवसभर बसून अभ्यास करतात.

हैदराबाद शहरात शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त देतात. महाराष्ट्रात आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. सर्वसामान्य परवानाधारकाकडे सहसा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हेही लिहिलेले असते. नांदेडहून लग्नकार्यासाठी किंवा दवाखान्यासाठी हैदराबादला येणाऱ्या माणसाने हा रकाना आधी पाहावा. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर तेलंगणाच्या हद्दीत त्याच्या कमरेचे शस्त्र विनापरवाना ठरते. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे दोन्हीकडे नातीगोती पसरलेली आहेत. कायदा मात्र आजची हद्द पाहतो.

खरा आशय परवान्याच्या अटींत आहे, आणि नेमके तेच पान सर्वांत कमी वाचले जाते. संरक्षण, खेळ अथवा प्रदर्शन या प्रामाणिक हेतूखेरीज शस्त्र बाहेर न्यायचे नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खास परवानगी नसेल, तर जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, कोणत्याही सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात ते न्यायचे नाही. इथे मालकीचा प्रश्नच येत नाही. शाळा जिल्हा परिषदेची असो की खासगी संस्थेची, मनाई तीच. त्यागराय गान सभेत मैफलीला जमलेली गर्दी हाही जमावच. रस्त्यावर, स्थानकावर किंवा कार्यालयात जाताना पिस्तूल अंगाला नीट बांधलेल्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे, असे २०१६ चे नियम सांगतात. ते चारचौघांत काढून दाखवणे, मिरवणे किंवा हवेत झाडणे यांना बंदी आहे. परवाना पाहण्यासाठी मागण्याचा अधिकार कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे.

मेट्रोचा प्रश्न सोपा आहे. २००२ चा मेट्रो रेल्वेचा स्वतंत्र कायदा धोकादायक वस्तू गाडीतून नेण्यास मनाई करतो आणि स्थानकात शिरताना सामानाची तपासणी होते.

ग्रंथालयाचे तसे नाही, आणि इथे नियमांतली फट उघडी पडते. मालमत्ता कराबरोबर वसूल होणाऱ्या ग्रंथालय उपकरावर चालणारी ही लोकांच्या मालकीची वास्तू. ती शिक्षणसंस्था मानायची का? शेकडो मुले एका दालनात बसली, तर तो सार्वजनिक जमाव होतो का? अटीतले शब्द दोन्ही प्रश्नांवर मोकळे राहतात. अर्थ लावायचा तर तो अटीच्या हेतूवरून लावावा: जिथे तरुण मुले गर्दीने आणि निःशस्त्र बसतात तिथे शस्त्र नको. ग्रंथालय त्यात बसते, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. पण हे परवानाधारकाच्या समजुतीवर सोडणे चूक आहे.

मतदानाच्या दिवशी सगळी संदिग्धता संपते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३४ब प्रमाणे मतदान केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाणे हा दखलपात्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय शस्त्र जप्त आणि परवाना रद्द. सूट आहे ती निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस आणि बंदोबस्तावर नेमलेल्यांना. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. कोणाची घ्यायची आणि कोणाला सूट द्यायची, हे छाननी समिती ठरवते.

न्यायालयांबाबत अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले की, वकिलाकडे परवाना असला तरी त्याला न्यायालयाच्या आवारात शस्त्र आणता येणार नाही.

मग पोलीस ठाणे? शस्त्र जमा करायला, परवान्याची कागदपत्रे दाखवायला, तक्रार नोंदवायला परवानाधारक तिथेच जातो. ही इमारत सर्वांत सुरक्षित, असे गृहीत धरले जाते. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिल लाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, ते गृहीतक कोसळले. द्वारली गावातल्या जमिनीच्या वादावरून दोन्ही बाजू ठाण्यात आल्या होत्या. कल्याण पूर्वचे तत्कालीन भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला आणि आमदारांना अटक झाली. दालनातल्या कॅमेऱ्याचे चित्रण राज्यभर पाहिले गेले. खुर्च्या, टेबल, समोरासमोर बसलेली माणसे, आणि क्षणात गोळीबार. अनेकांनी त्या वेळी राजकारणावर बोट ठेवले. त्याहून साधा प्रश्न मागे पडला: भांडणाची दोन्ही बाजू दालनात येण्याआधी शस्त्रे दाराशी का काढून घेतली गेली नाहीत? तो प्रश्न चिक्कडपल्लीच्या ठाण्यालाही तितकाच लागू आहे.

अमेरिकेत, जिथे अनेक मराठी आणि तेलुगू कुटुंबे स्थायिक आहेत, चित्र संमिश्र आहे. संघराज्याच्या इमारतींत शस्त्रबंदी आहे आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा व सरकारी इमारती या संवेदनशील जागा मानल्या. टेक्सासने मात्र २०१५ मध्ये वेगळीच तरतूद केली. कायद्याने बंदी नसलेल्या सरकारी जागेवर परवानाधारकाला मज्जाव करणारी पाटी लावली, तर दंड त्या कार्यालयाला होतो. पहिल्या चुकीला दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर, पुढच्या चुकांना १०,००० ते १०,५०० डॉलर. तिथे मनाई करणाऱ्याला जबाबदार धरले जाते. आपल्याकडे सगळा भार शस्त्र बाळगणाऱ्यावर आहे.

भारतातली दिशा योग्य आहे, अंमल ढिला आहे. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि ग्रंथालये यांच्या दारावर शस्त्रबंदीची ठळक पाटी आणि पावती देऊन शस्त्र ठेवून घेणारी कुलूपबंद पेटी, एवढी सोय तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघांनीही करावी. शिक्षाही तपासायला हवी. मतदान केंद्राजवळ शस्त्र नेले तर दोन वर्षे; पण परवान्याची अट मोडून शाळेच्या आवारात नेले, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही.