ब्रेक कोण करणार? ‘तू कर!’ : पूलच्या पहिल्या फटक्याची उलटी गोष्ट

आजचा भाग एका फटक्यावर आहे. एकाच फटक्यावर.

पूलचा ब्रेक तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा पाहिला असेल. त्रिकोणात रचलेले पंधरा बॉल, समोर पांढरा बॉल, खेळाडू अख्खं अंग झोकून मारतो आणि ‘खाड्!’ पार्लरमध्ये पहिल्यांदा क्यू हातात घेणाऱ्याला सगळ्यात आधी हेच करून बघायचं असतं. नेम लागत नाही, क्यू धरता येत नाही, पण ब्रेक मात्र जोरात हवा.

आता जरा मागे जाऊ. साधारण 1912 सालची अमेरिका. तिथल्या सगळ्यात मानाच्या पूल सामन्यात ब्रेक कुणालाच नको असायचा. सुरुवात कोण करणार हे ठरवायला दोघंही एकेक बॉल पलीकडच्या कुशनला लावून परत आणायचे. ज्याचा बॉल आपल्या बाजूच्या कुशनजवळ येऊन थांबेल तो जिंकला. आणि जिंकलेला माणूस म्हणायचा काय? ‘ब्रेक तू कर.’ आपल्याकडे टॉस जिंकून समोरच्याला बॅटिंग देतात ना, तसंच. फरक इतकाच, की इथे पिच कसंही असो, निर्णय जवळपास ठरलेलाच.

असं का, हे कळायला त्या खेळाचा हिशोब बघावा लागतो. अमेरिकेत आधी पंधरा बॉलचा एक खेळ चालायचा. बॉलवर 1 ते 15 आकडे, तुम्ही घालवाल त्या बॉलचा आकडा तुमचे गुण. सगळ्यांची बेरीज 120, म्हणून जो 61 गाठेल तो जिंकला. 1878 साली यावर पहिली मोठी स्पर्धा झाली आणि ती कॅनडाच्या सिरिल डियॉनने जिंकली. पण यात एक गोची होती. एकाने मोठ्या आकड्यांचे मोजके बॉल घातले आणि दुसऱ्याने लहान आकड्यांचे जास्त, तर जास्त बॉल घालणारा हरायचा. म्हणून 1888 च्या सुमाराला आकडे सोडून दिले. एक बॉल, एक गुण. रॅक संपला की नवा रॅक लावायचा आणि मोजणी पुढे चालू. नावच पडलं ‘कंटिन्युअस पूल’.

आणि इथे ब्रेक आडवा आला! शेवटचा बॉल घालवणाऱ्यालाच पुढचा रॅक फोडावा लागायचा. म्हणजे तुम्ही मस्त लयीत आहात, पंधराच्या पंधरा घातले, आणि बक्षीस काय? समोर घट्ट बांधलेला त्रिकोण. जोरात फोडलात आणि एकही बॉल गेला नाही, तर पसरलेलं टेबल समोरच्याच्या ताटात. हळू खेळलात तर तुमची लय तुटली. चांगलं खेळण्याची शिक्षाच ही.

यावर जेरोम किओ नावाच्या खेळाडूने 1910 च्या आसपास जो उपाय काढला, तो मला पूलच्या इतिहासातला सगळ्यात हुशार बदल वाटतो. उपाय इतका साधा की हसू येईल. पंधरावा बॉल घालवायचाच नाही! तो जिथे आहे तिथे राहू द्यायचा, बाकीचे चौदा रचायचे, आणि त्रिकोणाच्या टोकाची जागा रिकामी ठेवायची. आता खेळाडू तो एकटा बॉल पॉकेटमध्ये घालवतो आणि त्याच फटक्यात पांढरा बॉल रॅकवर आदळवून तो फोडतो. गुणही मिळाला, रॅकही फुटला, लयही टिकली. खेळाचं नावच 14.1 पडलं. लोक त्याला ‘स्ट्रेट पूल’ म्हणू लागले.

पण हा झाला मधला ब्रेक. सामन्याचा अगदी पहिला ब्रेक मात्र तसाच अवघड राहिला. नियम असा, की एकतर आधी सांगून एखादा बॉल घालवा, नाहीतर पांढरा बॉल आणि आणखी किमान दोन बॉल कुशनला लागलेच पाहिजेत. चुकलात की उणे दोन गुण, वर समोरचा तुम्हालाच परत ब्रेक करायला लावू शकतो. मग खेळाडू काय करायचे? रॅकच्या मागच्या कोपऱ्यातल्या बॉलला पांढरा बॉल हलकेच चाटून न्यायचे, थोडा साइड स्पिन देऊन. कोपऱ्यांवरचे दोन बॉल कुशनला लागून परत घोळक्यात येतात, आणि पांढरा बॉल कुशनांवरून फिरत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटतो. समोरच्याला काहीच दिसत नाही. जगज्जेत्यांचा ब्रेक म्हणजे हा, आवाजही न होणारा. तेव्हा ब्रेक शिकणं म्हणजे न फोडता फोडायला शिकणं होतं.

विली मोस्कोनी याच खेळाचा राजा. 1941 ते 1957 मध्ये पंधरा वेळा जगज्जेता. 1954 च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्याने एका प्रदर्शनात सलग 526 बॉल घातले. म्हणजे सदतीसच्या वर रॅक, आणि प्रत्येक वेळी तो किओचा ब्रेक. हा आकडा अधिकृतपणे मागे पडायला 2019 उजाडलं. जॉन श्मिटने 626 केले आणि 2022 मध्ये जेसन शॉने 714.

आता एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. जोरात ब्रेक करायला बॉलही तसा लागतो. जुने बॉल हस्तिदंती. दमट हवेत त्यांचा आकार बिघडायचा, जोरात आदळले तर तडा जायचा. शिवाय एकेका संचासाठी हत्ती मारले जायचे, तो भाग वेगळाच. 1863 साली पर्यायासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं आणि त्या नादात जॉन हायटने सेल्युलॉइड आणलं. हे प्रकरण ज्वालाग्राही. हायटनेच पुढे सांगितलंय, की कोलोरॅडोच्या एका सलूनवाल्याचं त्याला पत्र आलं: बॉल आपटले की कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज होतो आणि खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल काढतो! विसाव्या शतकात फिनॉलिक रेझिनचे बॉल आले. कणखर, गोल, एकसारखे. आजचा ‘खाड्’ आवाज त्यांचा आहे.

दरम्यान एट-बॉल आणि नाइन-बॉल आले. छोटे डाव, पटकन निकाल, टीव्हीला सोयीचे. नाइन-बॉलमध्ये ब्रेकवर बॉल गेला की तुमचीच पाळी पुढे चालू. नियमात बसणाऱ्या ब्रेकवर नऊ नंबर गेला तर डावच संपला. झालं, ओझं होतं ते हत्यार झालं! आपल्या कॅरममध्ये ‘ब्रेक टू फिनिश’ झाला की समोरचा नुसता बसून राहतो ना, तसंच. 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ सिनेमाने या खेळाला ग्लॅमरही दिलं.

मग एकाने हे हत्यारही उलटं धरलं. 2001 ची यूएस ओपन. अमेरिकेचा कोरी ड्यूएल ब्रेक हळू करायचा. रॅक घट्ट लागला असेल, तर कडेचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटकडे जवळजवळ आपोआप जातो, जोर लागतच नाही, हे त्याने हेरलं होतं. अंतिम सामन्यात मिका इमोनेनला त्याने 11-0 हरवलं. शून्य!

यात लबाडी नव्हती, हे माझं स्पष्ट मत. पण खेळ चालवणाऱ्यांना घाम फुटला. पुढच्या वर्षांत उपायांची रांग लागली. एक नंबरऐवजी नऊ नंबरचा बॉल स्पॉटवर ठेवा, म्हणजे कडेचा बॉल सहज जाणार नाही. ब्रेक मधल्या ठरावीक चौकोनातूनच करा. घातलेले आणि ठरावीक रेषेपलीकडे आलेले बॉल मिळून तीन तरी झालेच पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वी किओ ब्रेकची शिक्षा कमी करायला झटत होता, आता लोक ब्रेकचं बक्षीस कमी करायला झटतायत. आणि यातले बरेचसे नियम जिथे गाजतात, ती युरोप विरुद्ध अमेरिका स्पर्धा कुणाच्या नावाने? मोस्कोनी कप. 1994 पासून, नाइन-बॉलचा.

शिकणाऱ्यांसाठी एवढंच. अव्वल खेळाडूंचा ब्रेक ताशी 30-40 किलोमीटरच्या घरात असतो, पण त्यांच्या पांढऱ्या बॉलकडे बघा. पुढच्या बॉलला बरोबर मधोमध लागून तो टेबलाच्या मध्यावर येऊन थांबतो. आधी अर्ध्या जोरात तेवढं जमवा. बॉल टेबलाबाहेर उडत असतील तर अजून वेळ आहे.