समजावून सांगणाऱ्याचा सन्मान

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला बोलावले, तेव्हा ‘माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये’ अशी अट गणपतीने घातली. व्यासांनीही उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आधी समजून घ्यावे आणि मग लिहावे, हा तिचा बोध. गणितासारख्या अवघड विषयात हे काम उत्तम करणाऱ्यांसाठी एक जुना, मानाचा पुरस्कार आहे. तो एका मराठी माणसाला मिळाला होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

‘मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संस्था १९२५ पासून शोव्हने पुरस्कार देते. हा मान नवा सिद्धांत शोधल्याबद्दल दिला जात नाही. गणितातला एखादा विषय लेखातून उत्तम रीतीने उलगडून दाखवल्याबद्दल तो मिळतो. १९७८ साली त्याचे मानकरी ठरले डॉ. श्रीराम शंकर अभ्यंकर. बैजिक भूमितीच्या इतिहासातून मनसोक्त भटकंती घडवणारा त्यांचा दीर्घ लेख १९७६ मध्ये त्या संस्थेच्या मासिकात आला होता. त्याच लेखाला १९७७ मध्ये लेस्टर फोर्ड पुरस्कारही मिळाला.

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैनचा, आणि बालपण गेले ग्वाल्हेरला. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईत पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि १९५५ मध्ये ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टर झाले. पुढे अनेक दशके त्यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन केले.

इतका मोठा संशोधक त्या लेखात सांगतो काय? बीजगणिताचे त्यांनी तीन प्रकार मानले: शाळेतले, कॉलेजातले आणि विद्यापीठातले. नव्या, भारदस्त संकल्पनांनी दिपून जाऊन शाळेतल्या बीजगणिताची ताकद विसरू नका, असा त्यांचा आग्रह होता.

ती ताकद एका साध्या उदाहरणाने पाहू. ‘य चा वर्ग बरोबर क्ष चा घन’ या समीकरणाचा आलेख काढला, तर शून्यापाशी तो गुळगुळीत वळत नाही. तिथे चोचीसारखे टोक येते. आता य च्या जागी ‘ट गुणिले क्ष’ लिहा. डावीकडे ट-वर्ग गुणिले क्ष-वर्ग, उजवीकडे क्ष-घन. दोन्हीकडचा क्ष-वर्ग काढला, की उरते ‘ट-वर्ग बरोबर क्ष’. हा तर गुळगुळीत वळणाचा पॅराबोला! चोच नाहीशी झाली. दहावीच्या मुलाला जमेल अशी ही युक्ती. अशी टोके घालवण्याचा प्रश्न वक्ररेषांवरून पृष्ठभागांवर नेला की फार अवघड होतो, आणि अभ्यंकरांनी नाव कमावले ते त्याच प्रश्नावर.

१९७६ मध्येच त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. त्या नावामागेही शिकवण्याचा मोठा वारसा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याला मिळालेल्या १२०७ सालच्या दानाचा शिलालेख तिथे आहे, आणि त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे. समजावून सांगण्याच्या कामामागे समाजाने उभे राहावे, ही रीत आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वीही होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. भैंसा-मुधोळचा भाग मात्र आंध्र प्रदेशात आला. तेव्हापासून आपल्या घरात मराठी राहिली, पण मुलांची शाळा तेलुगू किंवा इंग्रजी झाली. नातू गणितात चांगले गुण आणतो, पण तेच गणित आजीला मराठीत सांगताना अडखळतो. वर्ग, घन, अपूर्णांक, लसावि, मसावि हे शब्द तिला येतात, त्याला येत नाहीत. हे शब्द तिच्याबरोबरच संपले, तर मराठी फक्त आरतीपुरती उरेल.

म्हणून मंडळाला एक विनंती. रांगोळी, वक्तृत्व आणि पाठांतराबरोबर आणखी एक स्पर्धा ठेवावी. मुलाने कोणतेही एक गणित पाच मिनिटांत मराठीत समजावून सांगावे. समोर आजी-आजोबांनी बसावे, आणि ‘समजले’ की नाही हे त्यांनीच ठरवावे. बक्षीस एखाद्या पुस्तकाचे असले तरी पुरे. मुलांना पहिले अक्षर गिरवायला आपण जवळच्या बासरला, सरस्वतीच्या पायाशी नेतो. तिथे गिरवलेल्या अक्षरांतून पुढे त्यांनी काहीतरी समजावून सांगावे, एवढीच अपेक्षा.

गणपती बाप्पा मोरया!