खाशाबांचा अर्धा तास

कोडोलीतून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय.

जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात खेळतायत. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती पंधराएक मिनिटं चालली, आणि खाशाबा हरले. मॅटवरून उतरतायत न उतरतायत तोच परत नाव पुकारलं. आता सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढा. नियमानं दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती भांडून मागायला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आपल्याकडं ही गोष्ट अन्यायाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्या अर्ध्या तासाचं कुतूहल आहे. त्या तीस मिनिटांत अंगात नेमकं होतं काय?

सोपं करून सांगतो. झटक्यात ताकद लावायला स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा असतो. तो काही मिनिटांत बऱ्यापैकी परत भरतो. पण जोरात झटापट चालली की रक्तात लॅक्टेट साठतं, आणि ते निम्म्यावर यायलाच साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं जातात. नुसतं बसण्यापेक्षा हळूहळू चालत राहिलं तर जरा लवकर. म्हणजे खाशाबांची विश्रांती गेली तेव्हा नुसता दम खायचा वेळ गेला नाही, अंगातलं एक कामच अर्धवट राहिलं.

यातलं बरंचसं १९५२ च्या आधीच माहीत होतं. इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल धावणाऱ्या माणसांचा श्वास पिशवीत गोळा करून ऑक्सिजन मोजत होते. स्नायूंवरच्या कामाबद्दल त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत १९२७ ला हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी निघाली. फटीग म्हणजे थकवा. थकव्याची प्रयोगशाळा! ती १९४७ ला बंद पडली, पण तोवर डेन्मार्क, इटलीसारख्या देशांतले तरुण संशोधक तिथं येऊन, लोकांना पळवून, त्यांचं रक्त तपासून गेले होते. त्यांचा खर्च कोणीतरी उचलत होतं, हे महत्त्वाचं.

आता आपल्याकडचा पैसा बघा. कोल्हापूरनं कुस्तीवर हात आखडता घेतला असं कुणी म्हणणार नाही. शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, खासबाग मैदान बांधलं. १९४८ ला खाशाबांना लंडनला पाठवायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ ला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं, असं सांगतात. शिक्षणालाही पैसा होता. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ ला बाबासाहेबांना कोलंबियाला जायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. पहिलवानाला खुराक मिळाला, विद्वानाला शिष्यवृत्ती मिळाली. पहिलवानाच्या अंगात काय चाललंय ते मोजणाऱ्याला मात्र कुणी विचारलं नाही.

अगदीच कुणी नव्हतं असं नाही. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गुणे, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले. १९२४ ला त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. नौली करताना पोटात काय होतं हे त्यांनी एक्स-रे आणि दाबमापक लावून तपासलं, आणि आतड्यात दाब खरोखर कमी होतो हे आकड्यांत दाखवलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू करून ते छापलंसुद्धा. हार्वर्डच्या तीन वर्षं आधी, मंडळी! पण ते योगाचं मोजमाप होतं. लाल मातीतला माणूस राहिलाच.

हे सगळं मी का उकरतोय? माझा चुलतभाऊ एम.पी.एड. आहे, स्वतः तालमीतला. त्याला या विषयात पीएच.डी. करायचीय. घरी एकच सूर, ‘त्यापेक्षा पोलीस भरती दे.’ काकांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही, महिन्याला पैसे कुठून येणार हा प्रश्न खराच आहे. पण उत्तर आहे. यूजीसी-नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या वेगळ्या. सारथीच्या अधिछात्रवृत्तीला तर नावच शाहू महाराजांचं आहे. स्वीडन, नॉर्वेत पीएच.डी. ही चक्क पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, मुलाखत होते. आणि जिथं खाशाबा दमले त्या फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठात क्रीडाविज्ञानाची अख्खी विद्याशाखा आहे.

त्याला मी एवढंच सांगितलं, की आधी गाइड आणि प्रयोगशाळा बघ. श्वासातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र जिथं चालू नाही तिथं पाच वर्षं नुसत्या प्रश्नावल्या भरून घ्याव्या लागतील. विषयांची कमी नाही. मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांत संपते, मातीतली कितीही लांबते. थकवा दोन्हीकडं सारखाच येतो का? हजार बैठकांना ऑक्सिजन किती लागतो? वारणानगरच्या डिसेंबरातल्या मैदानात हे विचारायला माणसं हवी तेवढी भेटतील.

जेआरएफला वयाची सर्वसाधारण अट ३० आहे, तो २५ चा. नेट वर्षातून दोनदा होते, साधारण जून आणि डिसेंबरात. विषय शारीरिक शिक्षण, कोड ४७. अर्ज त्यानं माझ्याच लॅपटॉपवरून भरला, काकांना अजून सांगितलेलं नाही.